प्रोसेसरचं तापमान इथे ४२, तिथे ६१: नेमका कुठला आकडा धरायचा?

कॉम्प्युटरवर काहीही चालू नाही, नुसता डेस्कटॉप उघडा आहे, आणि तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात. एक प्रोग्रॅम ४२ अंश सांगतो, दुसरा ६१, आणि रीस्टार्ट करून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) पाहिलं तर ५४. पहिल्यांदाच तापमान बघणारा माणूस इथे घाबरतो आणि थेट स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतो.

मीही तेच केलं होतं. माझ्या कॉम्प्युटरवर ‘सीपीयू’ अशा ओळीत सतत ७८ अंश दिसत होते. मी प्रोसेसरवरचा कूलर काढला, दोघांमध्ये असलेली उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसली, नवीन लावली, कूलर परत बसवला. आकडा ७८. पुन्हा काढला, पुन्हा बसवला. ७८. तिसऱ्या खेपेला पेस्टची ट्यूब संपली. मग रात्रभर बंद असलेला कॉम्प्युटर सकाळी चालू केला आणि पहिल्याच मिनिटाला तीच ओळ पाहिली. तेव्हाही ७८. रात्रभर गार पडलेली वस्तू एका मिनिटात ७८ अंशांवर जाऊन तिथेच खिळून राहत नाही. त्याच यादीत बरंच खाली प्रत्येक कोअरचं (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र काम करणाऱ्या प्रत्येक भागाचं) तापमान वेगळं दिलेलं होतं, ३५ ते ३९ च्या दरम्यान. मदरबोर्डवरच्या ज्या सेन्सर-जोडणीला काहीच जोडलेलं नव्हतं, तिचा निरर्थक आकडा ‘सीपीयू’ या नावाने माझ्यासमोर येत होता.

म्हणून या लेखाचा क्रम मुद्दाम असा आहे: आधी आकडा ओळखायचा, मग तो सारख्या परिस्थितीत मोजायचा, आणि हे झाल्यावरच कूलरला हात लावायचा. पहिल्या दोन पायऱ्यांतच बहुतेक गोंधळ मिटतो.

पायरी १: हा आकडा कुठून येतोय ते शोधा

‘प्रोसेसरचं तापमान’ असा एकच आकडा नसतो. कॉम्प्युटरच्या आत तापमान मोजणाऱ्या जागा पुष्कळ असतात आणि प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या पसंतीची जागा दाखवतो.

सर्वांत विश्वासाचा सेन्सर प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच असतो, प्रत्येक कोअरजवळ. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये त्याची मोजण्याची पद्धत थोडी उलटी आहे. तो ‘आत्ता ४५ अंश आहेत’ असं सांगत नाही, ‘कमाल मर्यादेला अजून ५५ अंश बाकी आहेत’ असं सांगतो. या मर्यादेला टीजे मॅक्स म्हणतात. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ती १०० अंश असते, काहींत थोडी कमी-जास्त. प्रोग्रॅम १०० मधून ५५ वजा करतो आणि तुम्हाला ४५ दाखवतो.

याचा पहिला परिणाम असा की प्रोग्रॅमने मर्यादा चुकीची धरली की प्रत्येक आकडा तेवढ्याच अंशांनी चुकतो. इंटेलच्या जुन्या ‘कोअर २’ प्रोसेसरांच्या काळात हे सर्रास व्हायचं. तेव्हा मर्यादा प्रोसेसरमधून थेट वाचता येत नव्हती, त्यामुळे एक प्रोग्रॅम ८५ धरायचा, दुसरा १००, आणि एकाच कॉम्प्युटरवर १५ अंशांचा फरक दिसायचा. पुढच्या पिढ्यांत मर्यादा प्रोसेसरमध्येच नोंदलेली असते, त्यामुळे हा घोळ खूप कमी झाला. जुन्या मशीनवर मात्र तो अजून भेटतो.

दुसरा परिणाम नवख्यांना कोणी सांगत नाही आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. हा सेन्सर मर्यादेच्या जवळ अचूक असतो. त्याचं खरं काम प्रोसेसरला जळण्यापासून वाचवणं हे आहे. जितकं तापमान खाली, तितका त्याचा अंदाज ढोबळ. ४५ नॅनोमीटरच्या कोअर २ प्रोसेसरमध्ये तर काही सेन्सर एका ठरावीक आकड्याच्या खाली उतरायचेच नाहीत, तिथेच अडकून बसायचे. म्हणून आयडलला (कॉम्प्युटर निवांत असताना) एक कोअर ३३ आणि शेजारचा ३९ दाखवत असेल तर त्या सहा अंशांवर झोप घालवू नका.

एएमडीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या रायझन प्रोसेसरमध्ये दोन नावं दिसतात: टीसीटीएल आणि टीडाय. टीडाय म्हणजे चिपचं तापमान. टीसीटीएल हा पंख्याला हुकूम देण्यासाठी तयार केलेला आकडा आहे, आणि काही मॉडेलांमध्ये त्यात मुद्दाम भर घातलेली असते. रायझन १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्समध्ये ही भर २० अंशांची, २७००एक्समध्ये १० अंशांची, आणि पहिल्या पिढीच्या थ्रेडरिपरमध्ये २७ अंशांची. साध्या १७०० मध्ये भर नाही. म्हणजे शेजारीशेजारी ठेवलेले १७०० आणि १७००एक्स खरोखर सारखेच गरम असले, तरी टीसीटीएल पाहणाऱ्याला एक वीस अंशांनी जास्त तापलेला वाटेल. रायझन ३००० पासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये हे दोन आकडे सहसा सारखे असतात.

एएमडीच्या त्याआधीच्या फिनॉम आणि एफएक्स पिढ्यांत कोअरचा आकडा ही खऱ्या अंशांची पट्टी नव्हतीच. तो एक सापेक्ष मोजमाप होता, मर्यादेच्या जवळच अर्थपूर्ण. म्हणून एफएक्स प्रोसेसर आयडलला कधी कधी खोलीपेक्षाही गार दाखवतो.

यातून एक साधी कसोटी मिळते. हवेच्या कूलरने किंवा नेहमीच्या लिक्विड कूलरने प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. खोलीत २८ अंश आहेत आणि प्रोग्रॅम २१ म्हणतोय, तर तो आकडा बाद. जास्त दाखवणाऱ्या आकड्यावर लोक लगेच संशय घेतात, कमी दाखवणाऱ्यावर घेत नाहीत. खरं तर धोका दुसऱ्यातच आहे, कारण तो आपल्याला निश्चिंत करतो.

आता मदरबोर्ड. त्यावर नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीची एक छोटी चिप असते. तीच पंखे फिरवते आणि बोर्डावरच्या सेन्सरांचे आकडे गोळा करते. त्या यादीत सीपीयूटिन, सिस्टिन, ऑक्सटिन अशी नावं येतात. सीपीयूटिन वाचून कोणालाही वाटेल की हेच प्रोसेसरचं तापमान. बऱ्याच बोर्डांवर हा सेन्सर सॉकेटच्या (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) आसपास असतो, काहींवर तो कशालाच जोडलेला नसतो. ऑक्सटिनची तर अनेकदा फक्त जागा सोडलेली असते. तिथे १२७ किंवा उणे १२८ असे आकडे दिसले तर दचकू नका. आठ बिटांत मावणाऱ्या संख्येची ती दोन टोकं आहेत, सेन्सर नसल्याची खूण.

चौथा प्रकार विंडोज किंवा लिनक्समधून येणाऱ्या ‘थर्मल झोन’चा. हा आकडा बायोस ऑपरेटिंग सिस्टिमला देतो, आणि डेस्कटॉपवर तो अनेकदा नुसता भरलेला रकाना असतो. लिनक्सवर ‘एसीपीआयटीझेड’ नावाखाली तासन् तास २७.८ अंश दिसतात, मग तुम्ही व्हिडिओ रेंडर करा नाहीतर काहीच करू नका. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात तापमान दाखवणारी काही सुंदर विजेट्स नेमका हाच आकडा उचलतात.

तर पहिलं काम: आपल्या प्रोग्रॅमची पूर्ण यादी उघडा आणि प्रत्येक ओळ कुठल्या शीर्षकाखाली आहे ते वाचा. विंडोजवर मी एचडब्ल्यूइन्फो सुचवेन, कारण तो प्रोसेसरचे सेन्सर आणि मदरबोर्डचे सेन्सर वेगवेगळ्या गटांत दाखवतो. इंटेलसाठी ‘कोअर’ आणि ‘सीपीयू पॅकेज’ या ओळी बघा, रायझनसाठी ‘टीडाय’. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स बसवून सेन्सर्स ही आज्ञा चालवली की इंटेलचे आकडे कोअरटेम्प या ड्रायव्हरखाली आणि एएमडीचे के१०टेम्पखाली येतात. (विंडोजवर कोअर टेम्प नावाचा एक वेगळा प्रोग्रॅम आहे. लिनक्सच्या ड्रायव्हरशी त्याचं नाव जुळतं, एवढंच.) व्हर्च्युअल मशीनच्या आत मोजत असाल तर थांबा. तिथे खऱ्या प्रोसेसरचा सेन्सर सहसा दिसत नाही, बाहेरच्या मूळ सिस्टिमवर जाऊन मोजा.

आकडाच येत नसेल, किंवा सगळीकडे शून्य असेल, तर कारण बहुधा ड्रायव्हर असतो. प्रोसेसरमधली नोंद वाचायला प्रोग्रॅमला खोलवरची परवानगी लागते. अनेक मोफत प्रोग्रॅम त्यासाठी विनरिंग० नावाचा जुना ड्रायव्हर वापरत, आणि त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटीमुळे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर त्याला अडवू लागला. अशा वेळी अँटिव्हायरस बंद करू नका. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घ्या किंवा दुसरा प्रोग्रॅम वापरा.

पायरी २: वजाबाकी करा

माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी पायरी हीच, आणि तिला वही-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही.

जुळत नसलेले दोन आकडे घ्या. कॉम्प्युटर निवांत असताना दोन्ही लिहा. मग प्रोसेसरवर पूर्ण लोड टाका, म्हणजे त्याला पूर्ण कामाला लावा (कसं ते पायरी ४ मध्ये आहे), दहा मिनिटांनी पुन्हा दोन्ही लिहा. दोन्ही वेळचा फरक काढा. बाजूला खोलीचं तापमानही लिहून ठेवा.

समजा, आयडलला पहिला आकडा ३८ आणि दुसरा ५८. लोडवर पहिला ७० आणि दुसरा ९०. फरक दोन्ही वेळा २०. फरक असा जागचा हलत नसेल तर दोन्ही प्रोग्रॅम एकच सेन्सर वाचत आहेत, फक्त एकाने वरून काहीतरी मिळवलंय किंवा मर्यादा वेगळी धरलीय. रायझन १७००एक्सवर हे चित्र हुबेहूब दिसतं. इथे कूलरचा काडीचा दोष नाही.

आता दुसरं उदाहरण. आयडलला ४१ आणि ३६, लोडवर ७९ आणि ५८. फरक ५ वरून २१ झाला. म्हणजे हे दोन सेन्सर दोन वेगळ्या जागी आहेत. एक चिपच्या आत, दुसरा सॉकेटजवळ. चिपमधली उष्णता सॉकेटपर्यंत उशिरा आणि कमी पोचते, त्यामुळे लोड वाढला की दरी रुंदावते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, आणि तुमच्या कामाचा ७९ हा आहे.

तिसरी शक्यता, एक आकडा लोड टाकल्यावरही जागचा हलत नाही. माझे ७८ अंश आणि थर्मल झोनचे २७.८ याच जातीचे. ती ओळ प्रोग्रॅममधून लपवून टाका, म्हणजे पुन्हा डोळ्यांना खुपणार नाही.

आणि चौथी: सरासरी सारखी, पण दर सेकंदाला दोन्ही वेगवेगळ्या उड्या मारतात. याचं उत्तर पुढच्या पायरीत आहे.

पायरी ३: आयडल म्हणजे खरंच आयडल आहे का?

आधुनिक प्रोसेसर फार चंचल असतो. ब्राउझरचा एक टॅब उघडला की एखादा कोअर काही क्षणांसाठी आपल्या सर्वोच्च वेगावर जातो, व्होल्टेज वाढतं, आणि नखाएवढ्या जागेतल्या एका कोपऱ्यात सगळी उष्णता एकवटते. ती हीटसिंकपर्यंत (कूलरच्या धातूच्या भागापर्यंत) पोचायच्या आधीच सेन्सरने ती टिपलेली असते. ४० वरून एकदम ५८ आणि दोन सेकंदांत परत ४३, ही चाल निरोगी प्रोसेसरची आहे. कूलर कितीही भारी लावला तरी या उड्या पूर्ण जात नाहीत.

मोजणारा प्रोग्रॅमही यात हातभार लावतो, कारण आकडा वाचण्यासाठी झोपलेल्या कोअरला उठवावं लागतं. २०१९ मध्ये रायझन ३००० मालिका आली तेव्हा बऱ्याच जणांना आयडललाही जास्त व्होल्टेज आणि तापमान दिसत होतं. मोजणारे प्रोग्रॅम इतक्या घाईघाईने विचारणा करत की प्रोसेसरला ते कामच वाटे आणि तो वेग वाढवे. दोन-तीन प्रोग्रॅम एकाच वेळी चालवले की हे आणखी बिघडतं, वर मदरबोर्डच्या चिपला दोघांनी एकदम विचारलं तर मधूनच भलता आकडा येतो: एका क्षणासाठी ०, नाहीतर ११५. पंख्यांचे किंवा आरजीबी दिव्यांचे कंपनीचे प्रोग्रॅमही त्याच चिपशी बोलत असतात, हे विसरू नका.

म्हणून एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवा. वजाबाकीसाठी दोघांची तुलना करायची असेल तर आधी एक चालवून लिहा, मग तो बंद करून दुसरा. विचारणेचा कालावधी दोन सेकंद ठेवा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘स्नॅपशॉट सीपीयू पोलिंग’ हा पर्याय आहे, तो चालू केला की कोअरना कमीत कमी त्रास देऊन आकडे घेतले जातात. कॉम्प्युटर स्लीपमधून उठवला असेल तर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा, कारण झोपेतून उठल्यावर अडकलेले जुने आकडे दाखवण्याची काहींना सवय असते.

चालू केल्यावर निदान दहा मिनिटं जाऊ द्या. सुरुवातीला मागे अपडेट, अँटिव्हायरस, फाइलींची अनुक्रमणिका असं बरंच काही चाललेलं असतं. मग टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचा वापर एक-दोन टक्क्यांवर आलाय का पाहा.

बायोसमधला ५४ चा आकडाही इथेच सुटतो. वीज वाचवण्यासाठी कोअर झोपवणं हे काम बरंचसं ऑपरेटिंग सिस्टिम करते. बायोसच्या पडद्यावर ती चालूच झालेली नसते, त्यामुळे प्रोसेसर जागा राहतो आणि विंडोजमधल्या आयडलपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त दाखवतो. त्या दोन आकड्यांची तुलनाच करू नका. बायोसचा आकडा फक्त एका कामाचा आहे: तिथे बसल्याबसल्या तापमान ८०-९० कडे सरकत चाललं असेल तर कूलर बसलेलाच नाही, ताबडतोब बंद करा.

पायरी ४: एकसारखा लोड देऊन बघा

निर्णय आयडलवर कधीच घेऊ नका. सेन्सर ढोबळ, प्रोसेसर चंचल, आणि आयडलचे पाच अंश कमी-जास्त झाल्याने कोणाचंच काही बिघडत नाही. लोडवरचा आकडा बोलतो.

प्रोसेसरला पूर्ण कामाला लावून गुण देणारा सिनेबेंच आर२३ हा प्रोग्रॅम मोफत आहे आणि त्याची नेहमीची चाचणी दहा मिनिटं चालते, तीच लावा. प्राइम९५ हा त्याहून कितीतरी कठोर आहे. नेहमीच्या वापरात इतका ताण जवळजवळ कधीच येत नाही, त्यामुळे नवख्याने तिथून सुरुवात करू नये. आणि एका प्रोग्रॅमच्या लोडचे आकडे दुसऱ्याच्या लोडशी ताडून पाहू नका. ‘काल ७२ होते, आज ८८ आहेत’ असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो की दोन्ही दिवशी चालवलं काय होतं.

चाचणी चालू असताना तापमानाबरोबर वॅट आणि वेग या ओळींवरही लक्ष ठेवा. इंटेलच्या बऱ्याच कॉम्प्युटरवर पहिल्या २८ किंवा ५६ सेकंदांत प्रोसेसरला जास्त वीज घ्यायची मुभा असते, मग ती मर्यादा खाली येते. त्यामुळे तापमान आधी ८८ पर्यंत चढतं आणि मिनिटभरात आपोआप ७० वर उतरतं. पाहणाऱ्याला वाटतं सेन्सर बिघडलाय. वॅटचा आकडा त्याच क्षणी १५० वरून ६५ वर आलेला दिसला की कोडं सुटतं.

हवेचा कूलर स्थिर व्हायला पाच-दहा मिनिटं पुरतात, लिक्विड कूलरमधलं पाणी पूर्ण तापायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून लिक्विड कूलरवर तीन मिनिटांची चाचणी करून ‘वा, ६० च आहे’ म्हणणं घाईचं होईल.

आणि खोली. खोलीचं तापमान आठ अंशांनी वाढलं की प्रोसेसरही ढोबळमानाने आठ अंशांनी वर जातो. दुपारचं आणि पहाटेचं मोजमाप ताडताना प्रत्येकातून खोलीचं तापमान वजा करा. खोली २४ असताना ७४ आणि खोली ३२ असताना ८२, हा कूलर दोन्ही वेळा सारखंच काम करतोय.

पायरी ५: आकड्यांचा अर्थ लावा

इथवर आलात म्हणजे हातात विश्वासाचा आकडा आहे. आता त्याला मर्यादेशी ताडा. आपल्या प्रोसेसरची मर्यादा निर्मात्याच्या पानावर बघून घ्या, कारण ती मॉडेलप्रमाणे बदलते. रायझन ५८००एक्सची ९०, रायझन ७८००एक्स३डीची ८९, तर रायझन ७९५०एक्सची ९५. शेवटच्याच्या बाबतीत एएमडीने उघड सांगितलंय की पूर्ण लोडवर तो ९५ पर्यंत जाणारच, आणि तिथे राहून जमेल तेवढा वेग काढणार. त्या मालिकेच्या मालकाने ९५ पाहून कूलर बदलण्याआधी वेग पाहावा. वेग अपेक्षित असेल तर तक्रार करण्यासारखं काही नाही.

मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये त्याची ‘हो/नाही’ अशी वेगळी ओळ असते. त्याही पलीकडे तापमान गेलं तर कॉम्प्युटर तडक बंद पडतो. सेन्सर खरंच मेलाय की प्रोसेसर खरंच तापलाय अशी शंका असेल तर याच ओळीकडे पाहा. आकडा ९८ आहे, पण वेग तसूभरही कमी होत नाही, चाचणीचे गुण नेहमीइतकेच येतात, कूलरमधून येणारी हवा कोमट आहे: आकड्यावर संशय घ्या. आकडा ९८ आहे, वेग घसरतोय, गुण कमी झालेत: आकडा खरा आहे.

लोडवर कोअर-कोअरमध्ये पाच ते दहा अंशांचा फरक चालतो. मधल्या कोअरना चारी बाजूंनी शेजारी असतात, ते जास्त तापतात. पंधरा-वीस अंशांचा फरक सतत राहत असेल तर कूलर एका बाजूला कललाय किंवा पेस्ट सगळीकडे पोचली नाही असं समजा.

चाचणी सुरू केल्या सेकंदाला तापमान ९५ वर उडालं आणि थांबवल्या सेकंदाला धाडकन ५० वर आलं, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांचा नीट स्पर्शच होत नाहीये. हळूहळू, सात-आठ मिनिटं घेत वर चढलं, तर स्पर्श ठीक आहे पण उष्णता बाहेर टाकली जात नाहीये: धूळ, पंखा, किंवा केसमध्ये कोंडलेली हवा. या दोन चालींतला फरक एकदा डोळ्यांत बसला की निम्मं निदान आलेखावरच होतं.

पायरी ६: आता केस उघडा

बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. आधी सोप्या गोष्टी. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा थर असेल तर ब्रशने आणि हवेच्या झोताने काढा, त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. पंख्याची वायर बोर्डावरच्या ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच आहे का पाहा. लिक्विड कूलरच्या पंपाची वायर सुटली असेल तर पंखे मजेत फिरत राहतात आणि पाणी जागचं हलत नाही, म्हणून प्रोग्रॅममध्ये पंपाचे फेरे दिसतायत का तेही बघा.

पंखा दर दोन सेकंदांनी गुरगुरतो आणि शांत होतो, एवढीच तक्रार असेल तर काही उघडू नका. बायोसमध्ये पंख्याच्या सेटिंगमध्ये प्रतिसादाचा वेळ वाढवा, तीन-चार सेकंद किंवा जेवढा पर्याय असेल तेवढा. क्षणिक उड्यांकडे पंखा दुर्लक्ष करू लागेल.

कूलर काढायची वेळ आलीच, तर आधी पाच-दहा मिनिटं कॉम्प्युटर वापरून पेस्ट कोमट करा, मग बंद करून काढा. एएम४ सॉकेटच्या रायझनमध्ये पिना प्रोसेसरला असतात. थंड, घट्ट झालेल्या पेस्टमुळे कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. कूलर सरळ वर ओढू नका. डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा.

कूलर हातात आला की पुसायच्या आधी त्याच्याकडे नीट बघा. पेस्टचा ठसा सगळं सांगतो. मधोमध पातळ आणि कडेपर्यंत एकसारखा पसरलेला ठसा म्हणजे बसवणी चांगली होती. एका कोपऱ्यात जाड ढीग आणि समोरच्या कोपऱ्यात चकचकीत धातू म्हणजे कूलर तिरका होता. आणि ठशावर गुळगुळीत प्लॅस्टिकची चमक दिसली, तर नव्या कूलरच्या तळाला चिकटवलेला संरक्षक कागद काढायचाच राहिलाय. हे अनुभवी हातांकडूनही होतं.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. नवी पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी पुरते, मोठ्या प्रोसेसरला थोडी जास्त. कूलरचे स्क्रू कर्णरेषेत, आलटून पालटून, दोन-दोन फेरे देत घट्ट करा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की तिरकेपणा तिथूनच येतो. इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरला ढकलायच्या पिना असतात. चारही ‘टक्’ वाजल्या का ऐका, आणि जमलं तर बोर्डाच्या मागून पाहा: पांढऱ्या नळीच्या आतून काळी पिन पूर्ण पुढे आलेली दिसली पाहिजे. चारांतली एक अर्धवट राहिली तर कोअरमधला तो वीस अंशांचा फरक तिथूनच येतो.

परत जोडल्यावर तीच चाचणी, तेवढीच दहा मिनिटं, तोच प्रोग्रॅम, आणि खोलीचं तापमान लिहायला विसरू नका. आधीच्या नोंदीशेजारी नवी नोंद ठेवा. खोली वजा करून पाच अंशांहून जास्त फरक पडला असेल तर काम झालं. एक-दोन अंशांचाच फरक असेल तर दोष पेस्टमध्ये नव्हता. तेव्हा कूलर पुन्हा उघडण्याऐवजी केसची बाजूची झाकणी काढून चाचणी एकदा परत घ्या. झाकणी काढल्यावर आकडा झपकन खाली आला तर कूलर चांगलाच आहे, त्याला पुरेशी ताजी हवा मिळत नाहीये, आणि केसच्या पुढच्या बाजूला पंखा हवा.